तीन मोकळ्या ओळी

मी चांगल्या स्वभावाचा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसात मला न विचारता कोणी पंखा बंद केला तरी मी दोन दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे. अशा माणसाच्या सात वर्षांच्या कामावर एका सोमवारी सकाळी दुसऱ्याचं नाव लागलं.

काम सॉफ्टवेअरचं. सांगलीत विश्रामबागेत खाली औषधांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही. मालक, मी, पाटणहून आलेली एक इंजिनियर आणि अधूनमधून टिकणारे एकदोघं. आम्ही पाणी वापर संस्थांसाठी एक प्रोग्रॅम केला होता. उपसा योजनेचं पाणी कुठल्या गावाला कुठल्या दिवशी सुटणार हे तो ठरवायचा आणि आदल्या दिवशी शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा, की तुमची पाळी उद्या. ऐकायला सोपं आहे. पण पंप बंद पडतात, लाईट जाते, वरच्या गावाचा जोर जास्त असतो, आणि हे सगळं धरून हिशोब बसवायला मला सात वर्षं लागली. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ मी लिहिलेली होती, आणि मालकाने आजवर मला त्याबद्दल एकदाही शाबास म्हटलेलं नव्हतं.

मग मालकाने मेजरना आणलं. मेजर हा त्यांचा हुद्दा नव्हे. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या कोणालाही मेजरच म्हणतात. हे वडूजकडचे, फौजेच्या सिग्नल दलात नोकरी केलेले, तिथेच कॉम्प्युटर शिकलेले, रिटायर झाल्यावर पुण्यात दोन वर्षं प्रोग्रॅमिंग केलेले. इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी, नऊला पाच कमी असताना खुर्चीत. मालकाने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "सहा महिने मिळून काम करा. दिवाळीनंतर मला एकच प्रमुख हवाय. दोघांची गरज नाही." एवढं बोलून तो चहा सांगायला उठला. म्हणजे माझीच खुर्ची मला परत जिंकायची होती, तीही फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसाकडून. मी त्याच दिवशी पाटणच्या मुलीला म्हणालो की हे आयत्या बिळावर नागोबा. मी शिराळ्याचा, नागपंचमीच्या गावचा. तिथल्या माणसाने नागोबाबद्दल असं बोलू नये, पण बोललो.

आता तो सोमवार. आमच्यात तोवर जो तो आपल्या मनासारखा लिहायचा. कुठली ओळ किती आत सरकवायची, कंस कुठे बंद करायचा, मध्ये किती जागा सोडायची, याने यंत्राला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो वाचणाऱ्याला. मेजर आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी कोड उघडला आणि मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याचं काहीतरी उघडलं. सगळ्या ओळी एका मापात. ओळ आत सरकवायला मी टॅब वापरायचो, तिथे आता चार चार स्पेस. माझे कंस माझ्या जागेवर नव्हते. आणि एडिटरात ओळीवर कर्सर नेला की ती कोणी लिहिली त्याचं नाव शेजारी फिकट अक्षरांत येतं, तिथे खालपासून वरपर्यंत एकच नाव येत होतं, मेजरांचं. साफसफाईचा एक तयार प्रोग्रॅम चालवून त्यांनी आदल्या दिवशी रविवारी सगळा कोड एकसारखा करून टाकला होता. शिवाय सगळ्यांसाठी एकच सेटिंग्जची फाईल ठेवली होती. ती घेतली की प्रत्येकाचा एडिटर सारखाच वागणार, आणि काम सेव्ह केलं की आपोआप त्या मापात बसणार. सोबत एक पान लिहून ठेवलं होतं, 'नवीन मशीनवर काय करायचं' अशा मथळ्याचं. ते मी वाचलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "मेजर, कोड म्हणजे परेड नव्हे."

ते शांतपणे म्हणाले, "परेड बी लढायसाठी नसती, गड्या. शेजारच्याचं पाऊल कुठं चुकलं ते दिसावं म्हनून असती."

"चालत्या कामाला हात लावलात. काहीतरी मोडणार बघा."

"काय मोडलं तर मी हाय की हितं."

लोकांना वाटलं मी टॅब आणि स्पेसवरून भांडतोय. मीही तसंच वाटू दिलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला कोणालाही सांगता येत नव्हतं.

माझे अब्बा शिराळ्यात शिलाईचं दुकान चालवायचे. पक्की शिलाई मारायच्या आधी ते पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चा टाका घालायचे. काळ्या पॅंटवर तो पांढरा दोरा दुरून दिसायचा. दिसला की समजायचं, इथलं काम व्हायचंय. काम झालं की दोरा ओढून टाकायचा. मी लहानपणी ते दोरे बोटाला गुंडाळत बसायचो. प्रोग्रॅम लिहायला लागल्यावर मीही तसंच काहीतरी धरलं. जिथे मला ठाऊक असायचं की इथे आपण वेळ मारून नेली आहे, इथे घोळ आहे, नंतर बघू, तिथे मी तीन मोकळ्या ओळी सोडायचो. बाकी कुठेही एकीपेक्षा जास्त नाही. वर टीप लिहिली असती तर मालकाने वाचली असती, आणि अर्धवट काम संस्थेला का दिलं म्हणून मला उभं केलं असतं. मोकळ्या ओळीला कोण विचारतो? सात वर्षांत अशा एकोणीस जागा झाल्या होत्या. अब्बांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांनी कच्चा टाका असलेलं कापड कधी गिऱ्हाईकाच्या हातात दिलं नाही.

मेजरांच्या साफसफाईने जास्तीच्या मोकळ्या ओळी पुसून सगळीकडे एकेक ठेवली होती. माझे एकोणीस कच्चे टाके एका रविवारी गेले. आतलं काम मात्र कच्चंच होतं.

जुनी प्रत काढून त्या जागा पुन्हा शोधता आल्या असत्या. कोडचा सगळा इतिहास साठवलेला असतो, एका दुपारचं काम होतं. मी ते केलं नाही. केलं असतं तर माझ्या रागाला काही आधारच उरला नसता, आणि त्या दिवसांत राग हीच एक गोष्ट पूर्ण माझी होती.

पुढचे तीन महिने मी जमेल तितका त्रास दिला. सेव्ह केल्यावर आपोआप मापात बसवणारं बटण मी माझ्या मशीनवर बंद ठेवलं. माझा कोड माझ्या पद्धतीने लिहून वर पाठवायचो, आणि मेजरांनी सर्व्हरवर बसवलेली तपासणी तो परत पाठवायची. मग मी सामायिक सेटिंग्जच्या फाईलमध्ये चाराचे आठ करून ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पडद्यावर ओळी उजवीकडे धावल्या आणि पाटणची मुलगी वैतागून म्हणाली, "सर, काय हे पोरकट." मी तिला म्हटलं की मेजरांना सांग, त्यांना शिस्तीची आवड आहे. मेजर उठले, आठाचे चार केले, आणि परत कामाला लागले. असं मी पाच वेळा केलं. पाचही वेळा त्यांनी तेच केलं. मला त्यांनी ओरडावं असं फार वाटत होतं.

एकदा जेवताना ते सगळ्यांना भाकरी आणि ठेचा देत होते. माझ्यापुढे डबा धरून म्हणाले, "घे रं. माझ्यावर राग हाय, भाकरीवर न्हाई." मी म्हणालो, पोट भरलंय. भरलं नव्हतं. मी खाली जाऊन वडापाव खाल्ला आणि तोही कोमट होता.

ऑक्टोबर लागायच्या तोंडाशी योजनेचे पंप दुरुस्तीसाठी तीन दिवस बंद राहिले. महिन्याचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचा पहिला. त्याआधी बंदचे दिवस असे दोन महिन्यांत विभागून कधीच आले नव्हते. प्रोग्रॅमने पहिल्या महिन्यातले दोन दिवस धरले आणि पुढचा दिवस मोजताना चुकला. वरच्या गावांना फरक पडला नाही. शेपटाकडच्या, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचणाऱ्या चार गावांना पाळीचा मेसेज एक दिवस उशिरा गेला.

दोन दिवसांनी सकाळी संस्थेचे सचिव आणि शेपटाकडचे पाचसहा जण जीप करून आले. त्यातले एक म्हातारे खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आवं सायेब, पानी येऊन गेलं, आन् मग तुमचा मेसेज आला, उद्या येनार म्हनून. पंधरा दिस आमी त्या पान्याची वाट बगतुया. आता पुढची पाळी कवा?" मालक त्यांना चहा घ्या, चहा घ्या एवढंच म्हणत होता. म्हाताऱ्यांची नजर फिरत फिरत मेजरांवर गेली. त्यांचं गाव मेजरांच्या गावाला लागून.

"मेजर, तुमी बी हितंच कामाला व्हय?"

मेजर उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय, तात्या."

तात्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवलं. मेजरांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदाच पडलेला पाहिला, आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

ती माणसं यायच्या आधीच मी चूक शोधली होती. शोधली असं म्हणणंही खोटं आहे, कारण हात आपोआप तिथे गेला. महिना ओलांडून बंदचे दिवस आले तर काय, हे चार वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं होतं. तेव्हा घाई होती. मी तीन मोकळ्या ओळी सोडल्या आणि पुढे गेलो. आता तिथे एकच मोकळी ओळ होती, आणि तिच्याखाली माझी चूक चार स्पेस आत, नीटनेटकी बसलेली होती.

मेजरांच्या साफसफाईने आकड्यांत काहीच बदललं नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, इतकंच. पण मालकाला त्यातलं काय कळणार? त्याच्या डोक्यात एवढंच होतं की सात वर्षं चाललं आणि मेजरांनी हात लावल्यावर बिघडलं. सचिव म्हणाले, "आम्हाला माणूस दाखवा. कोणी केलं ते सांगा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो." मालक माझ्याकडे वळला. माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला होता. "ती ओळ काढा. कोणाची आहे ते दाखवा सगळ्यांना."

मी ओळ काढली. कर्सर तिच्यावर नेला. शेजारी फिकट अक्षरांत मेजरांचं नाव आलं.

खोलीत सगळे ते नाव वाचत होते. मेजरही वाचत होते. ते पडद्याकडून माझ्याकडे वळले आणि जरा वेळ बघत राहिले. पाटणची मुलगी आपला लॅपटॉप उचलून काहीतरी बोलायला लागली, "पण सर, माझ्याकडे तर..." मेजरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने लॅपटॉप मिटून मांडीवर ठेवला. मला वाटलं, तिलाही त्यांची लाज वाटली.

"नाव माझं हाय," मेजर म्हणाले. "ओळ न् ओळ माज्या हाताखालनं गेलीया. मी ती नीट वाचाय पायजे हुती. जबाबदारी माझी."

मी गप्प बसलो असतो तरी पुरेसं होतं. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चालत्या कामाला हात लावू नका."

दिवाळीची वाट बघायची गरज पडली नाही. मेजर त्याच शनिवारी गेले. जाताना त्यांनी टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली, आणि तात्यांच्या गावाला स्वतः जाऊन पुढच्या पाळ्यांचा कागद हाताने लिहून देऊन आल्याचं मालकाला सांगितलं. माझ्याशी हात मिळवला. मी मिळवून घेतला. खुर्ची माझी झाली.

रविवारी शिराळ्याला गेलो. अब्बांना म्हणालो, प्रमुख झालो. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तरी दुकानात बसतात. त्यांनी विचारलं, "आन् त्यो फौजी?" मी म्हणालो, चूक झाली त्याची, गेला. ते म्हणाले, "शिकत्या मानसाला सांभाळून घ्याचं असतं." मी विषय बदलला.

एकोणीसपैकी ती एक जागा मी गुपचूप दुरुस्त केली. मग जुनी प्रत काढून बाकीच्या अठराही केल्या. महिना लागला. मेजरांची सेटिंग्ज काढून टाकायचं मात्र राहिलं. तपासणी तशीच चालू होती, नव्याने आलेले लोक त्याच मापात लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर वाचायला सोपं जात होतं. माझ्या मशीनवर मी अजून ती घेतलेली नव्हती. तेवढा एक हट्ट ठेवला होता.

फेब्रुवारीत माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला आणि नवीन मशीन आलं. सगळं पहिल्यापासून बसवायचं होतं. मी पाटणच्या मुलीला विचारलं की काय काय करावं लागतं. ती पडद्यावरून मान वर न करता म्हणाली, "मेजरांनी पान लिहून ठेवलंय. वाचा."

ते पान मी तेव्हा पहिल्यांदा उघडलं. त्यांनी ते मराठीत लिहिलं होतं, आठ मुद्दे, प्रत्येकाखाली चालवायची आज्ञा. एडिटर कुठला, फाईल कुठे ठेवायची, सेव्हचं बटण कसं चालू करायचं. मी एकेक करत गेलो. सहावा मुद्दा असा होता:

'मी सगळ्या कोडची साफसफाई केली आहे. त्यामुळे प्रत्येक ओळीशेजारी माझं नाव दिसेल. ते बरोबर नाही, काम माझं नाही. खालची आज्ञा एकदा चालवा, म्हणजे माझी साफसफाई वगळून ज्याने मुळात लिहिलं त्याचंच नाव दिसेल. कोणाच्या मेहनतीवर माझं नाव लागू नये.'

मी त्या पानाचा इतिहास बघितला. ते त्याच रविवारी लिहिलं होतं, साफसफाईनंतर दहा मिनिटांनी. म्हणजे सोमवारी सकाळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा माझं नाव मला परत मिळायची सोय झालेली होती. फक्त एक ओळ चालवायची होती. ऑफिसात प्रत्येकाने ती चालवली होती. मी सोडून.

मी आज्ञा चालवली. मग ती फाईल उघडली, महिना ओलांडणाऱ्या बंद दिवसांची. दुरुस्त केलेल्या ओळीच्या आधीच्या प्रतीवर गेलो, ज्या प्रतीत चूक होती. कर्सर नेला. शेजारी फिकट अक्षरांत माझं नाव आलं आणि चार वर्षांपूर्वीची तारीख.

मग मीटिंगमधलं तिचं अर्धं राहिलेलं वाक्य, मिटलेला लॅपटॉप, मेजरांचं माझ्याकडे बघत राहणं, सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं. त्यांच्या मशीनवर हे दिसत होतं. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की माझ्या पडद्यावर बघा. मला अजूनही त्यांचा राग येतो. मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. भाकरीसुद्धा घेतली नव्हती.

मी मालकाकडे गेलो आणि सांगितलं, ती चूक मेजरांची नव्हती, माझी होती. त्याने मोबाईलवरून नजर न काढता म्हटलं, "आता कशाला उकरताय? संस्था खूश आहे, काम चाललंय." मी परत येऊन बसलो. माझ्या बाजूला पाटणची मुलगी काम करत होती. मी तिला विचारलं, "तुला त्या दिवशी माहीत होतं?"

तिने कळफलकावरचे हात काढले. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या पडद्यावर पहिल्या दिवसापासून तुमचंच नाव दिसत होतं, सर. मेजर बाहेर आल्यावर म्हणाले, त्याला घर हाय, लेकरं हायत, गप ऱ्हा. मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते." मग तिने मान वळवली आणि काम पुढे सुरू केलं.